नदी नसलेल्या शहरात बोटीने

बर्मिंगहॅमला राहायला आलं की महिन्याभरात कुणीतरी सांगतंच, की इथे व्हेनिसपेक्षा जास्त मैल कॅनॉल आहेत. शहरात साधारण ३५ मैल आहेत, खरं आहे ते. पण मला त्याहून भारी वाटते ती गोष्ट कुणीच सांगत नाही, ती म्हणजे व्हेनिस समुद्रात उभं आहे आणि बर्मिंगहॅम चक्क पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे फुटांवर, आणि बोट चालेल अशी एकही नदी या शहराला नाही. रे आणि टेम नावाच्या दोन नद्या आहेत पण आपण त्यांना ओढाच म्हणू. म्हणजे इथल्या कॅनॉलमधलं पाणी कुणीतरी आणलं, अडवलं, वर चढवलं आणि अडीचशे वर्षं जपून वापरलं. मी इथे इतकी वर्षं राहते, रोज वुल्व्हरहॅम्प्टनच्या लाईनवरच्या ट्रेनमधून तो सरळसोट कॅनॉल खिडकीतून बघते, पण हा विचार माझ्या डोक्यात आला तो बाबा आले तेव्हा.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. सगळी नोकरी बारामतीकडे, नीरा डाव्या कालव्यावर गेली. आमच्या लहानपणी घरात आवर्तन, शेजपाळी, टेलचा शेतकरी, चारीला पाणी सुटलं का नाही, हेच शब्द. तर ते आणि आई पहिल्यांदाच इकडे आले, मी त्यांना गॅस स्ट्रीट बेसिनला फिरायला नेलं, तिथे रंगीत बोटी, कॅफे, पोरंटोरं, सगळे फोटो काढतायत आणि बाबा कठड्यावरून खाली वाकून बघत उभे. म्हणाले, "अगं, हे पाणी येतं कुठनं? आणि जातं कुठं?" मला सांगता येईना. मग आमच्या ह्यांनी आयडिया काढली, की आपण एक नॅरोबोट, म्हणजे इथली ती लांबट अरुंद बोटच भाड्याने घेऊ, काही दिवस तिच्यावरच राहू, आणि बाबांना बघू दे पाणी कुठनं कुठे जातं ते.

शहराच्या दक्षिणेला अल्व्हचर्च नावाचं गाव आहे, तिकडून वूस्टर-बर्मिंगहॅम कॅनॉलने साधारण अकरा मैल आलं की थेट शहराच्या मध्यात, आणि वाटेत एकही लॉक (बोट वर-खाली चढवायची-उतरवायची दारांची खोली) नाही, म्हणून शिकाऊ लोकांना हा रस्ता बरा. बोट चालवायला लायसन्स लागत नाही. बोटीच्या तळावरचा माणूस तासभर सगळं समजावतो, इंजिन, पाण्याची टाकी, टॉयलेटची टाकी, गॅस, आणि मग थोडं अंतर स्वतः बरोबर येतो आणि उतरून जातो. बोट सात फुटांपेक्षा जराशी कमी रुंद, लांबी मात्र साठ फूट. ह्या बोटी सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत लांब असतात पण रुंदीला सात फुटांच्या वर जात नाहीत, कारण जेम्स ब्रिंडली नावाच्या माणसाने १७६० च्या दशकात मिडलंड्समधली लॉक त्या मापाची ठरवली आणि नंतर सगळ्यांना तेच माप पाळावं लागलं. बाबांना हे लगेच पटलं. अरुंद लॉक म्हणजे बांधकाम कमी आणि पाणीही कमी. ज्याच्याकडे नदी नाही तो माणूस असंच माप घेणार.

बोटीला स्टिअरिंग नसतं, मागे उभं राहून टिलर नावाचा दांडा हलवायचा, आणि बोट दांड्याच्या उलट्या बाजूला वळते. ब्रेक नाही, थांबायचं असेल तर रिव्हर्स टाकून वाट बघायची. समोरून बोट आली तर आपण उजवीकडनं जायचं. स्पीडची मर्यादा ताशी चार मैल, प्रत्यक्षात तीनच, आणि कडेला बांधलेल्या बोटी आल्या की अजून हळू कारण पाण्याच्या ओढीने त्यांचे दोर ताणले जातात, खुंट्या उपटतात. आई पहिला तासभर आतच होती, कुकर लावला, मग भीती गेल्यावर पुढच्या डेकवर खुर्ची टाकून बसली ती शेवटपर्यंत तिथेच, थालीपीठंसुद्धा तिथेच खाल्ली.

वास्ट हिल्स बोगदा लागतो, २,७२६ यार्ड, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. आत टोपाथ नाही, म्हणजे बोट ओढणारा घोडा चालायची वाट नाही. पूर्वी घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचे आणि बोटीवरचे लोक पाठीवर आडवे झोपून पायांनी बोगद्याच्या भिंतीवर चालत चालत बोट ढकलायचे, त्याला लेगिंग म्हणतात. नंतर स्टीम टग आले. आम्हाला पार व्हायला अर्धा तास तरी लागला, वरून गार पाणी ठिबकत होतं, मध्येच समोरून दुसऱ्या बोटीचा दिवा दिसला आणि दोन्ही बोटी भिंतींना घासत घासत एकमेकींच्या बाजूने गेल्या. ह्यांनी टिलर धरला होता, बाबा शेजारी उभे राहून टॉर्चने विटा बघत होते.

किंग्ज नॉर्टनला दुसरा कॅनॉल येऊन मिळतो, स्ट्रॅटफर्डचा. तिथे थोडं आत चालत गेलं की एक विचित्र लॉक आहे, ज्याची दारं वर-खाली सरकतात, गिलोटिनसारखी. आता ती कायमची उघडीच असतात. बाबांना ती बघून आनंद झाला कारण आपल्याकडच्या कालव्यांना अशीच उभी गेटं असतात. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता, की दोन्ही बाजूंचं पाणी तर एकाच लेव्हलला दिसतंय, मग लॉक कशाला? उत्तर असं, की दोन कॅनॉल दोन वेगळ्या कंपन्यांचे होते, आणि एकीचं पाणी फुकट दुसरीकडे जाऊ नये म्हणून हे लॉक. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे पाण्यावरून भांडणं इकडंपण होती."

होती म्हणजे काय, खरं भांडण पुढे गॅस स्ट्रीटला होतं.

त्याआधी बोर्नव्हिल येतं, कॅडबरीची फॅक्टरी. १८७९ साली कॅडबरी शहरातून इकडे आली, बाजूला कॅनॉल आणि रेल्वे दोन्ही होतं म्हणून, नंतर त्यांच्या स्वतःच्या बोटी माल घेऊन ये-जा करायच्या. मग युनिव्हर्सिटीचा घड्याळाचा टॉवर, मग एजबॅस्टनची झाडी आणि अचानक शहराचं पोट. कॅनॉलने आलं ना की शहराचा दर्शनी भाग दिसतच नाही, सगळ्या इमारतींच्या पाठी, जुन्या गोदामांच्या विटा, बुजवलेल्या कमानी, जिथे पूर्वी बोट थेट फॅक्टरीच्या आत शिरायची. ट्रेनमधून इतक्या वर्षांत मला हे कधी दिसलं नव्हतं.

तर गॅस स्ट्रीट बेसिन. बर्मिंगहॅम कॅनॉल कंपनी आधीची, १७६८ ला कायदा झाला, ब्रिंडलीने आखणी केली, १७६९ च्या नोव्हेंबरमध्ये वेन्सबरीच्या खाणीतला कोळसा पहिल्यांदा बोटीने शहरात आला. त्याच्या आधी कोळसा गाड्यांवर आणि घोड्यांच्या पाठीवर यायचा, त्यामुळे महाग. कॅनॉल आला आणि कोळसा झटकन स्वस्त झाला, आणि बटणं, बकला, खिळे, बंदुका, वाफेची इंजिनं करणारं हे शहर तिथून सुटलं ते सुटलंच. मॅथ्यू बोल्टनसारखे कारखानदार ह्या कॅनॉलच्या मागे होते. पुढे १७९० च्या दशकात वूस्टरवाल्यांचा कॅनॉल खणत खणत इथवर पोचला, आणि बर्मिंगहॅमवाले म्हणाले, आमच्या पाण्याला हात लावायचा नाही. कायद्यातच लिहून घेतलं. मग दोन कॅनॉलच्या मध्ये सात फुटांची भिंत ठेवली, तिला वूस्टर बार म्हणतात. अलीकडे ह्यांची बोट, पलीकडे त्यांची बोट, आणि मधल्या सात फुटांवरून माणसांनी एकेक गोणी, एकेक पेटी, कोळसासुद्धा हाताने उचलून पलीकडे द्यायचा. हे सुमारे वीस वर्षं चाललं! १८१५ ला भिंतीत एक छोटं लॉक काढलं तेव्हा कुठे बोट आरपार जायला लागली. ती भिंत अजून आहे, तिच्या दोन्ही बाजूंना बोटी बांधतात, आम्ही पहिली रात्र तिथनं जवळच बांधली आणि संध्याकाळी बाबा त्या बारवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. वरच्या गावाने पाणी अडवलं म्हणून खालच्या गावाने मोर्चा काढला, असल्या केसेस त्यांनी आयुष्यभर मिटवल्या आहेत. त्यांना ह्या भिंतीत काही परकं वाटलं नसणार.

दुसऱ्या दिवशी न्यू मेन लाईनने स्मेथिककडे निघालो. इथे दोन कॅनॉल आहेत हे समजून घ्यायला पाहिजे. ब्रिंडलीने आखलेला तो ओल्ड मेन लाईन. त्याची पद्धत अशी, की टेकडी फोडायची नाही, कंटूर, म्हणजे एकाच उंचीची रेषा धरून वळसे घालत जायचं. (आपल्याकडचे कालवेही कंटूरवरच आखतात, बाबांनी सांगितलं.) पन्नास वर्षांनी बोटींची इतकी गर्दी झाली की १८२४ ला थॉमस टेलफर्ड ह्या इंजिनिअरला बोलावलं, त्याने बघून सांगितलं की हा म्हणजे वाकडातिकडा नाला आहे, काठावर धड वाट नाही, घोडे घसरून पाण्यात पडतायत. मग त्याने सरळ रेषा मारली, जिथे टेकडी आली तिथे कापली, जिथे खोलगट तिथे भराव, दोन्ही काठांना टोपाथ, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या घोड्यांचे दोर एकमेकांत अडकायला नकोत. १८३० च्या दशकात काम संपलं तेव्हा बर्मिंगहॅम ते वुल्व्हरहॅम्प्टनचा रस्ता सात मैलांनी कमी झाला होता. ब्रिंडलीचे ते जुने वळसे अजून डावीकडे-उजवीकडे निघतात आणि पुढे येऊन मिळतात, उझेल्स स्ट्रीट लूप, इक्नील्ड पोर्ट लूप, सोहो लूप. सोहो लूपवरून विन्सन ग्रीनचा तुरुंग दिसतो.

मध्येच कॅनॉल एकदम अरुंद होतो आणि पाण्याच्या मधोमध विटांचं एक लांबट बेट येतं, दोन्ही बाजूंनी जेमतेम एक बोट जाईल एवढी जागा. हे टोलनाके. इथे क्लार्क बसायचा. बोट थांबली की तो एक मापाची काठी घेऊन बोटीची कड पाण्याच्या किती इंच वर आहे ते चार ठिकाणी मोजायचा, त्याला ड्राय इंचेस म्हणायचे, आणि मग त्या बोटीच्या नंबराचा तक्ता काढून बघायचा की एवढे इंच कोरडे म्हणजे एवढे टन माल. त्यावर टोल. वजनकाटा नाही, माल उतरवायचा नाही, पाणीच वजन सांगतंय. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी आमच्या बोटीचे ड्राय इंचेस पट्टीने मोजले आणि नंतर आम्ही सगळे आणि सामान उतरवून परत मोजू म्हणाले, तेवढं मात्र आईने करू दिलं नाही.

स्मेथिक जंक्शनला उजवीकडे वळलं की ओल्ड मेन लाईन आणि तीन लॉक, वर चढायला. आता लॉक कसं चालतं ते एकदा सांगते. एक उभी विटांची खोली, दोन्ही टोकांना ओकच्या लाकडाची जाडजूड दारं. आपण खालून आलो तर खालचं दार उघडं ठेवून बोट आत घ्यायची, दार लावायचं, मग विंडलस नावाचं एल आकाराचं हँडल घेऊन वरच्या बाजूची पॅडल उचलायची, पॅडल म्हणजे पाण्याखालच्या झडपा, त्यातून वरचं पाणी खोलीत येतं आणि बोट उचलली जाते. दोन्हीकडचं पाणी एका लेव्हलला आलं की वरचं दार पाठ लावून ढकललं तर हलतं, त्याच्या आधी कितीही जोर लावा, हलत नाही. बर्मिंगहॅमच्या लॉकवर पॅडलना अजून एक कुलूप असतं, पोरांनी रात्री उघडून पाणी सोडून देऊ नये म्हणून, त्याची वेगळी चावी बोटीवर मिळते.

पहिलं पॅडल ह्यांनी भरभर उचलायला घेतलं तर बाबा एकदम ओरडले, "जावईबापू, हळू! गेट एकदम उघडायचं नसतं, पाणी अंगावर येतं." कुणीही शिकवलेलं नसताना. आणि ते अगदी बरोबर होतं, पॅडल एकदम उचललं तर बोट पुढेमागे आपटते. मग त्यांनी स्वतः विंडलस घेतला, दोन दात, थांब, पाणी बघ, अजून दोन दात. बोट हलली सुद्धा नाही. तिन्ही लॉक त्यांनीच केली आणि मी टिलरवर होते, खाली त्या ओल्या शेवाळलेल्या भिंतींच्या खोलीतून वर बघितलं की बाबांचे फक्त बूट दिसायचे आणि मग हळूहळू गुडघे, हात, चेहरा.

वर आल्यावर त्यांनी हिशोब केला. सत्तर फूट गुणिले सात गुणिले सात, साधारण साडेतीन हजार घनफूट, म्हणजे एका लॉकला जवळपास एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर. एक बोट एकदा वर चढवायला दहा टँकर पाणी वरून खाली जातं. आणि आता मुद्दा. ब्रिंडलीच्या वेळी हा कॅनॉल स्मेथिकच्या टेकडीवर सहा लॉक चढायचा आणि पलीकडे तितकाच उतरायचा, माथ्यावरचा सपाट तुकडा जेमतेम एक मैल. बोट टेकडी ओलांडताना अलीकडे एक लॉकभर पाणी काढणार आणि पलीकडे दुसरं, दोन्हीकडे पाणी माथ्यावरूनच जाणार, आणि माथ्यावर नदी नाही. त्यामुळे पाणी सारखं कमी पडायचं, बोटींच्या रांगा लागायच्या. मग १७७९ ला बोल्टन आणि जेम्स वॉटच्या कंपनीचं वाफेचं इंजिन इथे बसवलं, त्याचं काम एकच, लॉकमधून खाली गेलेलं पाणी उचलून परत माथ्यावर टाकायचं. तेच पाणी, परत परत. १७९० च्या सुमाराला जॉन स्मीटन ह्या इंजिनिअरने माथाच अठरा फूट खाली कापला आणि दोन्ही बाजूंची तीन-तीन लॉक कमी केली. इंजिन मात्र शंभराहून जास्त वर्षं पाणी उचलत राहिलं. आज ते शहरातल्या थिंकटँक म्युझियममध्ये आहे आणि जगातलं चालू अवस्थेतलं सगळ्यात जुनं इंजिन म्हणून दाखवतात. मी ते पोरीला घेऊन दोनदा बघितलं होतं, मोठं यंत्र आहे एवढंच कळलं होतं. ते कशासाठी होतं हे लॉक हाताने उघडल्यावर कळलं. वॉटचं इंजिन म्हटलं की आपल्याला रेल्वे आणि गिरण्या आठवतात, आणि इथे ते पाण्याची उधळपट्टी होऊ नये म्हणून बसवलेलं.

खाणीवाल्यांचंही पाणी कॅनॉलला मिळायचं, हे अजून एक. ब्लॅक कंट्रीतल्या, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेच्या पट्ट्यातल्या कोळशाच्या खाणींत पाणी भरायचं, ते पंपाने उपसून बाहेर काढावंच लागायचं, ते कॅनॉलमध्ये सोडायचे. त्याच कॅनॉलमधून त्याच खाणीचा कोळसा जायचा.

पुढे डावीकडे इंजिन आर्म नावाचा फाटा निघतो, लोखंडी जलसेतूवरून टेलफर्डचा खोल कॅनॉल ओलांडून. ह्याच रस्त्याने एजबॅस्टनच्या तलावाचं पाणी माथ्यावर येतं. मग शेजारच्या टेलफर्डच्या कॅनॉलवरचा गॅल्टन ब्रिज, १८२९ चा, टेलफर्डने ७१ फूट खोल कटिंग खणली आणि तिच्यावरून १५० फुटांची एकच बिडाची कमान टाकली. आज त्या दरीत इतकी झाडी वाढलीय की हे माणसांनी फावड्याने खणलंय हे सांगूनही खरं वाटत नाही. इथे कॅनॉलमध्ये पाण्यावर एक नारळ तरंगताना दिसला, मग अजून एक, कळसावरचा असावा, अर्धा लाल कुंकवाचा. स्मेथिकमध्ये दोन-तीन पिढ्यांपासून आपल्याकडचे लोक राहतात, बहुतेक पंजाबी, फाउंड्रीत कामाला आलेले, कॅनॉलपासून जवळच मोठा गुरुद्वारा आहे. आईने नारळाला हात जोडले. मला मात्र तिथे वाईट वाटतं ते स्पष्टच लिहिते, ओढणी, साडी, पूजेची प्लॅस्टिकची पिशवी हे सगळं बोटीच्या पंख्याला गुंडाळलं जातं आणि मग कुणीतरी इंजिन बंद करून, मागची झडप उघडून, गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून सुरीने कापून काढतं. हे वाहतं पाणी नाहीये. जे टाकाल ते तिथेच राहतं. आपली माणसं वाचत असतील तर प्लीज टाकू नका.

त्यानंतर एक भाग येतो जिथे एम५ मोटरवे कॅनॉलच्या डोक्यावरून जातो, त्याचे काँक्रीटचे खांब पाण्यातच उभे आहेत, आणि आपण त्या खांबांच्या मधून तीन मैलांच्या स्पीडने. स्पॉन लेनची तीन लॉक उतरून, वळून, खालच्या न्यू मेन लाईनने परत निघालं की स्ट्युअर्ट अ‍ॅक्विडक्ट हा जलसेतू लागतो, आणि ती जागा बघायलाच पाहिजे. आपण टेलफर्डच्या कॅनॉलवर, डोक्यावर ब्रिंडलीचा कॅनॉल, बाजूने १८५२ ची रेल्वे, आणि सगळ्यांच्या वर मोटरवे. घोडा, वाफ, डिझेल, सगळे रस्ते एका ठिकाणी. आम्ही बोट थांबवून बघत असताना वरून माझी रोजची ट्रेन गेली.

शहरात परत आल्यावर फार्मर्स ब्रिजची तेरा लॉक होती, १७८९ ची, ती आम्ही आमच्या बोटीने नाही केली, पण वरच्या लॉकपाशी एक वयस्कर नवरा-बायको स्वतःची बोट उतरवत होते, दोघंच, तर आम्ही विचारलं मदत करू का. कॅनॉलवर असं कुणीही कुणाला विचारतं. ते बोटीवरच राहतात, कायमची जागा नाही, चौदा दिवसांत पुढे सरकायचं हा त्यांच्या बोटीच्या लायसन्सचा नियम, असे हजारो लोक आहेत. ह्यांनी आणि पोरीने पुढे पळत जाऊन पुढचं लॉक तयार ठेवायचं, बाबांनी पॅडल, मी दार. तेरा लॉकमध्ये ऐंशी फूट खाली. हा रस्ता बीटी टॉवरच्या पायथ्याशी जातो, इमारतींच्या खालून, आणि एका ठिकाणी स्नो हिल स्टेशनच्या रेल्वेच्या प्रचंड विटांच्या कमानींखाली भर दुपारी अंधारात लॉक चालवावं लागतं. कॅनॉल जोरात होता तेव्हा ही तेरा लॉक दिवसरात्र चालायची, गॅसचे दिवे लावून. इथल्या पुष्कळ बोटींना तर राहायची केबिनच नसायची, जोई बोट म्हणायचे त्यांना, खाणीतून फॅक्टरीत आणि परत, रोजची ये-जा, दोन्ही टोकं सारखीच म्हणजे वळवायला नको, सुकाणू काढून दुसऱ्या टोकाला लावायचं. लांबच्या बोटींवर मात्र अख्खं कुटुंब, सात फूट बाय दहा फुटांच्या केबिनमध्ये. त्या बाईंनी आईला आपली मागची केबिन दाखवली, गुलाब आणि किल्ले रंगवलेली दारं, भिंतीतून खाली पडणारा पलंग, छोटी शेगडी, लेसचे पडदे. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण एवढ्याशा जागेत डबे कसे बसवले ते दोघींनी एकमेकींना उघडून उघडून दाखवलं आणि खूप वेळ बाहेर आल्याच नाहीत.

पुलांच्या लोखंडी कडांवर खोल चरे पडलेत, बोट ओढणाऱ्या दोरांचे. दोर ओला, त्यात वाळूचे कण, आणि वर्षानुवर्षं तीच जागा. मी हाताचं बोट घालून बघितलं, अख्खं बसतं.

शेवटच्या दिवशी बोट परत करायच्या आधी बाबांना एजबॅस्टनचा तलाव बघायचा होता, कारण त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. टेलफर्डने १८२० च्या दशकात आधीच्या छोट्या तलावाला मातीचा बांध घालून मोठा केला, तिथून फीडरने पाणी कॅनॉलला जातं. बांधावर लोक कुत्री फिरवतात, जॉगिंग करतात. बाबा बांधाच्या उतारावरून खाली गेले, सांडवा बघितला, गवत बघितलं, कुठे पाझर आहे का ते बघितलं. म्हणाले, "मेंटेनन्स चांगला आहे. पण हे सगळं सांभाळायला पैसा कोण देतं? आता तर माल जात नाही."

हा प्रश्न मला नंतर छळत राहिला म्हणून शोधलं. मालवाहतूक १९६० च्या दशकाअखेरीस जवळपास संपलीच. बर्मिंगहॅमच्या जाळ्यात एकेकाळी १६० मैल कॅनॉल होते, आज शंभरेक मैलांवर बोट जाते, बाकीचे बुजले. १९४८ ला कॅनॉल सरकारकडे गेले, आणि २०१२ पासून इंग्लंड-वेल्सचे बहुतेक कॅनॉल कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते, लायसन्स फी, देणग्या, मिळकतीचं उत्पन्न आणि सरकारी अनुदान ह्यावर. २०२३ ला सरकारने जाहीर केलं की २०२७ पासून अनुदान वर्षागणिक कमी करत नेणार. दोनशे वर्षं जुने बांध, लाकडाची दारं जी पंचवीसेक वर्षांनी बदलावीच लागतात, आणि पाऊसही आता पूर्वीसारखा नेमाने येत नाही, २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या कितीतरी कॅनॉलची लॉक पाणी नाही म्हणून बंद ठेवावी लागली. मला अनुदान कमी करायचा हा निर्णय चुकीचा वाटतो. टोपाथवर रोज हजारो लोक फुकट चालतात, सायकलने कामाला जातात, त्यातल्या कुणालाच वाटत नाही की हे पाणी कुणीतरी रोज राखतंय. मी ट्रस्टला महिन्याची छोटी देणगी सुरू केली, बाबांनी परत जाताना स्वतःच्या पेन्शनमधून काढून पाकीट माझ्या हातात दिलं, ह्यात घाल म्हणून.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं लिहिते. मे-जून किंवा सप्टेंबर बघा, शाळांच्या सुट्टीत भाडं फार वाढतं, आणि हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात, निघायच्या आधी ट्रस्टच्या साईटवर स्टॉपेज बघून घ्या. मोजताना लॉक आणि मैल मिळून तासाला तीनच्या हिशोबाने प्लॅन करा. विंडलस दोन न्या, एक पाण्यात पडतोच. बांधल्यावर रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही, शेजारी लोक झोपलेले असतात. उतरताना बोट लॉकच्या मागच्या दारापासून लांब ठेवा, तिथे पाण्याखाली सिल नावाची दगडी पायरी असते, तिच्यावर मागचं टोक अडकलं तर बोट बुडू शकते, हे गंमतीत घेऊ नका. लॉकमधून बाहेर पडलात की सगळी पॅडल खाली आहेत का ते परत जाऊन बघा. स्मेथिकला वर ओल्ड लाईन, खाली न्यू लाईन असा गोल फेरा एका दिवसात आरामात होतो आणि आईवडील बरोबर असतील तर तोच करा, सहाच लॉक आहेत. बाबा आता टार्डबिगची तीस लॉक करायची म्हणतायत, ती अल्व्हचर्चच्या पलीकडेच आहेत, देशातला सगळ्यात मोठा लॉकचा जिना, पुढच्या वर्षीचा व्हिसा झाला की बुकिंग करणार.